खाडीच्या तोंडावरचा तास

"बाई, तुमच्या मुलांनी खाडी बंद केलीय," तावडे सर अंगणातूनच म्हणाले.

करोनाच्या बरीच वर्षं आधीची गोष्ट. गणपतीचा तिसरा दिवस होता. माझे दोन्ही हात उकडीने भरलेले, आणि मोदकाची पारी करताना अंगठा नेहमीसारखा आरपार गेलेला. तावडे सर आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाचे प्राचार्य. त्यांनी पायातली चप्पल काढली नाही, गणपतीला हात जोडले तेही तुळशीपाशी उभं राहूनच. यावरून मला प्रकरण गंभीर आहे हे कळायला हवं होतं. मी म्हटलं, सर, आधी प्रसाद घ्या.

सर म्हणाले, प्रसाद राहू द्या. खाडीच्या तोंडावर किनारवाडीच्या होड्या दोरखंडाने एकमेकींना बांधून आडव्या उभ्या आहेत. गिरकरांची मोठी बोट बाहेर अडकलीय. होड्यांत आपली बारावीची मुलं बसलीत आणि मधल्या होडीवर पुठ्ठ्याचा बोर्ड लावलाय.

"काय लिहिलंय बोर्डावर?"

"'ही नाकेबंदी नाही. हे क्वारंटाइन आहे.'" सरांनी घाम पुसला. "हवालदार मला विचारत होता, क्वारंटाइन ही कुठली संघटना, तिची नोंदणी झालीय का. मी म्हटलं, थांबा, सामंतबाईंना विचारून सांगतो."

माझ्या अंगावर काटा आला. तो भीतीचा होता असं मी नंतर सगळ्यांना सांगत आले. खरं म्हणजे त्यात निम्मा आनंद होता. चार वर्षं मी शिकवत होते, आणि मी शिकवलेलं कुणाच्या डोक्यात राहतं याचा हा पहिला पुरावा होता.

आता, मी शिकवत काय होते ते सांगायला हवं.

आडबंदरच्या त्या कॉलेजात माझी नेमणूक मुळात ग्रंथालयात. पुस्तकं द्यायची, परत घ्यायची, पावसाळ्यात बुरशी चढू नये म्हणून कपाटांत कडुलिंबाचा पाला ठेवायचा. संरक्षणशास्त्र शिकवायला नाईक नावाचे निवृत्त नौसैनिक होते. ते गुडघ्यांच्या दुखण्याने मुलाकडे बेळगावला गेले आणि त्यांचा विषय ओसाड पडला. माणूस मिळेना. तेव्हा तावडे सरांच्या लक्षात आलं की नाईकसरांची पुस्तकं कॉलेजात एकच व्यक्ती वाचते, आणि ती व्यक्ती ती स्वतःच स्वतःला देते व स्वतःकडूनच परत घेते.

मी आंबोलीच्या पायथ्याच्या गावातली. लग्नानंतर बाहेरून बी.ए. केलेलं. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो सासरी येताना एसटीच्या खिडकीतून, आणि तेवढ्यानेही मळमळलं होतं. पण अमेरिका आणि रशियाचं शीतयुद्ध मी मांडीवर शब्दकोश ठेवून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं. महिनोन् महिने पाण्याखाली दबा धरून बसणाऱ्या पाणबुड्या, गावाएवढी विमानवाहू जहाजं, नुसत्या आवाजावरून शत्रू ओळखणारी यंत्रं. चाळिशीला आलेल्या बाईला विनाशिका आवडतात, हे सांगायचं कुणाला? मग मिळालेच श्रोते. बारावीचा अख्खा वर्ग, आणि त्यांना उठून जायची परवानगी नाही.

शिकवायला साधनं नव्हती, म्हणून मी घरातली नेत असे. पाणबुडी बुडते कशी हे दाखवायला प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरून औषधाचा ड्रॉपर सोडला. बाटली दाबली की ड्रॉपर खाली जातो, सोडली की वर येतो. पहिल्या दिवशी मी उत्साहात इतकी दाबली की झाकण उडून दारात उभ्या असलेल्या तावडे सरांच्या कपाळावर बसलं. अणुभट्टीवर चालणारी पाणबुडी समजावताना कुकर नेला होता. बाकी काही नाही तरी त्या दिवशी मुलांना डाळ मिळाली.

ही सगळी विद्या मी जमिनीवरूनच देत असे. त्याच वर्षी श्रावणात मुलांना घेऊन खाडीपलीकडच्या देवळात सहल निघाली होती. तर अर्ध्या वाटेवर माझी अशी अवस्था झाली की तरीवाल्याने अख्खी होडी मागे वळवली. मुलांनी मोठ्या मनाने माफ केलं. निदान मला तसं वाटलं.

आता वर्गाविषयी. आडबंदरात वाड्या दोन. किनारवाडीचे लोक रापणकर. म्हणजे होडीतून समुद्रात लांब जाळं सोडून यायचं आणि मग बाया-पुरुष सगळ्यांनी मिळून ते किनाऱ्यावरून ओढायचं. वरच्या वाडीत गिरकरांसारखे पर्ससीनवाले. त्यांच्या मोठ्या यांत्रिक बोटी, मासळीच्या थव्याभोवती फिरून खालून आवळायचं जाळं, एका घेरात रापणीची महिन्याभराची मासळी वर. ती बोट किनाऱ्याजवळ आली की रापणीच्या जाळ्यात फक्त शेवाळ येतं. यावरून दोन्ही वाड्यांत लग्नाची बोलणी बंद, पाणी बंद, गणपतीच्या आरत्याही वेगळ्या. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत होतं. मला मात्र माहीत नव्हतं, कारण मी पुस्तकं वाचत होते.

म्हणून श्रावण संपताना मी वर्गात जो खेळ मांडला, तो गावातल्या दुसऱ्या कुठल्याही माणसाने मांडला नसता. फरशीवर खडूने अटलांटिक महासागर काढला. काडेपेट्यांची जहाजं केली, स्टुलावर क्युबा बसवला. आणि बाकांच्या डाव्या रांगेला म्हटलं, तुम्ही अमेरिका. उजव्या रांगेला म्हटलं, तुम्ही रशिया. मुलं एकमेकांकडे बघून हसली. मला वाटलं, खेळ आवडला. डाव्या रांगेत सगळी किनारवाडी बसत होती आणि उजवीकडे सगळी वरची वाडी.

डावीकडचं नेतृत्व दुर्वा खवणेकरकडे गेलं. रापणकरांचा म्होरक्या दाजी खवणेकर, त्याची मुलगी. बोलायची कमी, पण प्रश्न असा विचारायची की मला तास संपल्याची घंटा देवासारखी वाटायची. उजवीकडे साईप्रसाद गिरकर, मोठ्या बोटीचा मालक विलास गिरकर, त्याचा धाकटा भाऊ, सगळ्यांचा साई. हा सारखा बोलायचा.

मी सांगितलं, रशियाने अमेरिकेच्या अंगणात, क्युबात, क्षेपणास्त्रं नेऊन ठेवली. अमेरिकेने समुद्रात जहाजांचं कडं केलं. पण कायद्याने नाकेबंदी म्हणजे युद्धच. म्हणून त्यांनी तिला नाकेबंदी म्हटलंच नाही, नाव दिलं क्वारंटाइन. आणि एक सांगितलं, जे मला आज आठवलं तरी जीभ चावावीशी वाटते. म्हटलं, प्रतिरोध म्हणजे काय, तर पुढे असं काही ठेवायचं की त्याच्यावर चालून जायची समोरच्याची छातीच होऊ नये.

दुर्वाने ते लिहून घेतलं.

खेळ आठवडाभर चालला. शेवटच्या दिवशी काडेपेट्या समोरासमोर आल्या, रशियाची पाणबुडी कड्याखाली शिरली, आणि घंटा झाली. दुसऱ्या दिवसापासून गणपतीची सुट्टी. मुलं म्हणाली, बाई, पुढे काय झालं ते सांगूनच जा. मी पदर सावरला, हसले आणि म्हणाले, "उरलेलं सुट्टीनंतर." त्या वाक्यावर मी इतकी खूश होते की घरी जाऊन ह्यांनाही ऐकवलं.

धक्क्यावर पोचले तेव्हा सगळं गाव तिथे होतं. गणपतीचे नवे कपडे घालून लोक जत्रेसारखे उभे होते, पण आवाज नव्हता. दोन्ही वाड्या दोन बाजूंना. सर म्हणाले होते त्याहून प्रकरण वाईट होतं.

गणपतीचे पाच दिवस जाळं पाण्यात घालायचं नाही, हा आडबंदरचा शिरस्ता. दोन्ही वाड्या पाळत असलेली बहुधा ती एकच गोष्ट उरली होती. विलास गिरकरने तो मोडला. बांगड्याचा मोठा थवा किनाऱ्याला लागल्याचं त्याला कळलं आणि पहाटे त्याने बोट काढली. रापणीच्याच पाण्यात घेर टाकला, बोट भरली. किनारवाडीचे लोक काकड आरतीला उठले तर समोर दिवे. त्यांनी तिथल्या तिथे होड्या लोटल्या आणि खाडीचं तोंड बांधलं.

आता विलासची बोट तोंडाबाहेर इंजिन धडधडत उभी होती आणि ओहोटी लागली होती. आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूची दांडी आहे. पाणी उतरलं की भरलेली बोट तिच्यावर बसते, आणि बाहेरच्या लाटा तिला तिथेच फोडून काढतात. म्हणजे विलासला थोड्या वेळात आत शिरावंच लागणार होतं, नाहीतर सगळ्या गावादेखत माघार घेऊन पुन्हा समुद्रात जावं लागणार होतं. आणि आत शिरायचं तर होड्यांवरून. त्या होड्यांत पुढे, सगळ्यात पुढे, माझी मुलं होती. पुढे मुलं बसवली की बोट अंगावर येणार नाही, ही कल्पना दुर्वाची, असं सरांनी मला कानात सांगितलं. मला कल्पना कुठून आली ते विचारायची गरज नव्हती.

हवालदार म्हणाला, पोलिसांची बोट दुरुस्तीला गेलीय आणि त्याला पोहता येत नाही. मलाही येत नाही, मी म्हटलं. तो म्हणाला, पण तुम्हाला क्वारंटाइन येतं.

असं म्हणून त्याने आणि सरांनी मला बाबी तांडेलाच्या होडीत बसवलं. बाबी म्हातारा, दोन्ही वाड्यांची लग्नाची वऱ्हाडं पलीकडे नेऊन देणारा, म्हणून कुणाच्याच बाजूचा नाही. मी उभी राहून मुलांना हाका मारायला लागले तर तो म्हणाला, "खाली बसा बाई. उभ्या रवलात तर दोघांय बुडतलव."

मी बसले. काठ सुटला तसं पोटात काहीतरी सुटलं. मी डोळे मिटून तास आखायला घेतला. आधी उजळणी, मग पाणबुडीतला तो अधिकारी, मग तुर्कस्तान, मग निष्कर्ष. मला खात्री होती की चूक एवढीच झालीय: मुलांना भांडण कसं पेटतं ते कळलंय आणि कसं विझतं ते सांगायचं राहिलंय. अर्धा धडा मी सांगितला म्हणून खाडी बंद झाली. उरलेला अर्धा सांगितला की उघडेल. शिकवणाऱ्या माणसाला जग असं सोपं दिसतं.

बाबीने होडी बरोबर मधोमध नेली. एका बाजूला होड्यांची रांग. मधल्या होडीत दुर्वा उभी, वेणी घट्ट बांधलेली, मागे तिचा बाप दाजी हातात वल्हं घेऊन. दुसऱ्या बाजूला विलासच्या बोटीचा नाळेकडचा, म्हणजे पुढचा, भाग माझ्या डोक्यावर घरासारखा उंच. तिथे साई ओणवून उभा होता आणि वर, सुकाणूपाशी, विलास. त्याचा चेहरा मला आठवतो. रागीट नव्हता. झोप न झालेल्या आणि आता मागे जाता न येणाऱ्या माणसाचा होता.

मी उठून उभी राहिले. बाबीने कपाळाला हात लावला.

"मुलांनो," मी म्हणाले, "मागच्या तासाला आपण कुठे थांबलो होतो?"

इतकं मूर्ख वाक्य त्या खाडीत तोपर्यंत कुणी बोललं नसावं. पण दुर्वाने शांतपणे उत्तर दिलं, "जहाजं समोरासमोर आली होती, बाई."

"आणि खाली पाणबुडी होती," वरून साई म्हणाला.

माझा आवाज सापडला. सांगू लागले. त्या पाणबुडीत हवा संपत आलेली, उकाड्याने माणसं कोसळतायत, वरून अमेरिकी जहाजं लहान लहान स्फोट करून तिला वर यायला लावतायत. बाहेरच्या जगाशी बोलणं तुटलेलं. आत कुणालाच ठाऊक नाही, वर युद्ध सुरू झालंय की नाही. त्यांच्याकडे एक अणुबॉम्ब लावलेला पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, होता. कप्तान म्हणाला, डागू या. आणि तिथे दुसरा एक अधिकारी होता, त्याची संमती हवी होती. दाजीने वल्हं खाली टेकवलं. विलासचे खलाशी कठड्याशी येऊन ऐकत होते. इंजिनाच्या धडधडीवर माझा आवाज चढला होता, हात हवेत होते, आणि मला वाटलं, याच क्षणासाठी आपण जन्माला आलो.

"तो अधिकारी म्हणाला," मी म्हणाले, आणि सकाळपासून खाल्लेलं सगळं खाडीत गेलं.

एकदाच नाही. मी होडीच्या कडेला ओणवले आणि पुन्हा, पुन्हा. मोदक, चहा, आणि असं वाटलं की बी.ए.सुद्धा. बाबीने माझा पदर धरून ठेवला नसता तर मीही गेले असते.

त्यातही दुर्वाचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. दोन्हीकडे जावा असा मोठ्याने काढलेला. "बाईंना रक्तदाब आहे. लगेच दवाखान्यात न्यायला हवं. होडीने वेळेत पोचणार नाहीत."

मला रक्तदाब नाही. आजही नाही.

"वर घ्या त्यांना," साई ओरडला. "दादा, बाईंना वर घे. आपली बोट लवकर जाईल." मग किनारवाडीच्या बाजूला वळून, "वाट द्या. बाईंना घेऊन जायचंय."

मी मान हलवून सांगायचा प्रयत्न केला की मला काही झालेलं नाही, अजून तुर्कस्तान राहिलंय. "तुर्कस्तान, तुर्कस्तान," मी म्हणत होते. दाजी खवणेकर म्हणाला, "बरळाक लागली ती. सोडा रे दोर. बाईमाणूस मराक होया काय?"

खलाशांनी मला काखेत धरून, भरलेल्या माशाच्या टोपलीसारखं वर ओढलं. बांगड्यांच्या ढिगाशेजारी कठड्याला टेकवलं. होड्यांची रांग मधून उघडली. बोट हळू, अगदी हळू आत सरकू लागली आणि दाजीची होडी तिच्या अंगाला लागून गेली. मी कठड्यावरून बाहेर डोकं काढलेलं, शुद्ध आहे की नाही याची कुणाला फिकीर नव्हती. म्हणून मी ते ऐकलं. मला तेव्हा वाटलं, सगळ्या खाडीत फक्त मीच ऐकलं.

दाजी वर न बघता म्हणाला, "दिवाळीपर्यंत कडेक येव नको."

विलासने सुकाणू जरासं वळवलं. मग खाली न बघता म्हणाला, "येवचंय नाय."

एवढंच. दांडीच्या वाळूने बोटीचा तळ एकदा खरवडला, आणि आम्ही आत आलो.

धक्क्यावरच्या लोकांना दुरून जे दिसलं ते असं: सामंतबाई होडीत उभ्या राहिल्या. दोन्ही हात वर करून बोलल्या. दोन्ही बाजू गप्प झाल्या. मग बाई पाण्याला वाकून नमस्कार करताना दिसल्या, अनेकदा. आणि होड्या बाजूला झाल्या. वाकून नमस्कार. हे मला नंतर तीन-चार जणींनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. म्हणाल्या, दर्याक हात जोडलात म्हणून तेनां ऐकला.

बोटीवरच्या आणि होड्यांतल्या लोकांना खरं दिसलं होतं, पण त्यांनाही हीच गोष्ट सोयीची होती. मीही सुधारणा केली नाही. मनातून मलाही वाटत होतं की नमस्काराचं सोडलं तर बाकी बरोबरच आहे. पाणबुडीपर्यंतचा भाग तर पोचला होताच. दवाखान्यातून घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, झालं काय नक्की? मी म्हटलं, काही नाही, तास घेतला.

सुट्टी संपल्यावर मी वर्गात गेले ती नवी साडी नेसून. पाणबुडीतल्या त्या अधिकाऱ्याने संमती दिली नाही हे सांगितलं, आणि तुर्कस्तान शिकवलं. अमेरिकेनेही रशियाच्या दारात क्षेपणास्त्रं ठेवली होती. ती गुपचूप काढून घ्यायचं तिने कबूल केलं, आणि हे कुणाला कळू द्यायचं नाही असं दोघांनी ठरवलं. त्यामुळे एकाचीही मान खाली गेली नाही. पुढे दोन्ही राजधान्यांमध्ये थेट बोलायची सोय झाली. मी हे सगळं अशा थाटात सांगितलं जणू मीच घडवून आणलं होतं. मुलं नको इतकी शांत बसली होती.

दुपारी दुर्वा ग्रंथालयात आली. पाठोपाठ, दुसऱ्या दाराने, साई. दोघं दोन कपाटांच्या आड उभी, एकमेकांना न ओळखणारी. बाकी कुणी नाही असं बघून दुर्वाने एक पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं. शीतयुद्धाचं. सुट्टीच्या आदल्या दिवशी मीच तिला दिलं होतं.

"बाई, तुर्कस्तान आम्ही वाचलं होतं," ती म्हणाली. "सुट्टीच्या पहिल्याच दिवशी. दोघांनी."

दोघांनी म्हणजे? मी विचारलं. साई छताकडे बघू लागला. मग हळूहळू बाहेर आलं. वर्गात अमेरिका आणि रशिया झाल्यापासून ती दोघं बोलत होती. सल्लामसलत करायची म्हणून सुरू झालेलं बोलणं. वाडीतून वाडीत जाणं शक्य नाही, म्हणून मोबाइलवर. दुर्वा आईचा फोन चोरून घ्यायची, पुस्तकही तिने त्यावरूनच त्याला वाचून दाखवलं होतं. त्या सकाळीही, ती होडीत आणि तो बोटीवर, सगळ्यांसमोर ओढणीआड आणि खिशात मिस्ड कॉल चालू होते. एक कॉल म्हणजे दादाला थांबवून धरलंय. दोन म्हणजे ऐकत नाही. आणि शेवटी एकामागून एक कॉल येऊ लागले तेव्हा दुर्वाला कळलं की विलास आता थांबणार नाही.

"मुलांना पुढे बसवा हे मीच बाबांना सांगितलं होतं," दुर्वा म्हणाली. "मला वाटलं, बोट लांबच थांबेल. मग पाणी उतरायला लागलं."

"दादा म्हणाला, मुलं बाजूला होतील," साई म्हणाला. "तिचे बाबा म्हणत होते, तो थांबेल. दोघांना मागे यायचं होतं, बाई. पण बघणारं सगळं गाव. कुणीतरी मधे यायला हवं होतं."

"म्हणून मला बोलावलंत," मी म्हणाले. मी पदर सावरला. "मी समजावीन म्हणून."

साई कपाटातली पुस्तकं सरळ करू लागला.

"तो बोर्ड तुमच्यासाठी होता," दुर्वा म्हणाली. "गावात दुसऱ्या कुणाला कळणार होता तो. सर तुमच्याकडेच धावले असते. आणि उरलेला धडा सांगायला मिळतोय म्हटल्यावर तुम्ही आलाच असता."

"पण समजवायला नव्हे," मी म्हणाले. आता मला थोडं थोडं दिसू लागलं होतं.

साईला राहवलं नाही. "बाई, सहलीला तुमच्यामुळे होडी मागे फिरवली होती ना. तेव्हा तरीवाला कुणाचं ऐकत नव्हता, माझंसुद्धा नाही. तुम्हाला ओकारी आल्यावर एका मिनिटात वळवली."

मी खुर्चीत मागे टेकून बसले. चार वर्षं मी वर्गात शस्त्रांची माहिती देत होते, आणि या दोघांनी सगळी यादी तपासून त्यातून मला निवडलं होतं.

"आणि मला ओकारी आलीच नसती तर?" मी विचारलं. माझा शेवटचा किल्ला तो. "मी सगळा तास नीट घेतला असता तर?"

दोघांनी पहिल्यांदाच एकमेकांकडे बघितलं.

"मग दादाने बोट घातली असती, बाई," साई म्हणाला.

दुर्वाने टेबलावरचं पुस्तक पुन्हा उचललं. ते छातीशी घट्ट धरून ती उभी राहिली. इतके दिवस ती भीती तिने कुठे ठेवली होती कोण जाणे. मी उठले, तिच्या पाठीवर हात ठेवला. सतराव्या वर्षी बाप आणि गाव मागे घेऊन ती त्या होडीत उभी होती, आणि भरवसा कशाचा, तर माझ्या नाजूक पोटाचा.

मग तिने जे मागायला आली होती ते मागितलं. हे कुणाला सांगू नका. गिरकरांच्या बोटीवर ती फोन करत होती हे बाबांना कळलं, तर कॉलेज त्याच दिवशी बंद. नुसतं तिचं नाही, किनारवाडीच्या सगळ्या मुलींचं. साई म्हणाला, आणि दादाला कळलं की आम्ही ठरवून केलं, तर त्याने दिलेला शब्द त्याला शब्द वाटणार नाही, फसवणूक वाटेल.

मी वचन दिलं. दुर्वाच्या बापाच्या पश्चात, आता कुठे तिने मला मोकळं केलंय. बंदर खात्यात मोठ्या हुद्द्यावर असते. परवा फोनवर म्हणाली, लिहा बाई, पण रक्तदाबाचं वगळा, ते शोभत नाही.

वचन दिलं तेव्हा ते पाळणं किती कठीण जाणार हे मला ठाऊक नव्हतं. दसऱ्याला गावाने माझा सत्कार ठरवला.

तावडे सरांची कल्पना. देवळासमोरच्या मांडवात दोन्ही वाड्यांनी मिळून केलेला. कितीतरी वर्षांत दोन्ही वाड्या एका मांडवात बसल्या नव्हत्या. व्यासपीठावर माझ्या एका बाजूला दाजी खवणेकर, दुसऱ्या बाजूला विलास गिरकर. त्या दिवसापासून विलासची बोट एकदाही रापणीच्या पाण्यात आली नव्हती आणि तसं का, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. दाजीने शाल दिली, विलासने श्रीफळ. सरांनी माझं वर्णन करताना व्यासंग हा शब्द इतक्यांदा वापरला की मला पुन्हा मळमळू लागलं. मग ते म्हणाले, बाईंनी त्या दिवशी असं काय सांगितलं की दोन्ही बाजूंची मनं वळली, ते त्यांच्याच तोंडून ऐकू या.

मी माइकसमोर उभी राहिले. समोर सगळं गाव, आणि कुणीही मधेच उठून जाणार नाही असं. असे श्रोते मला पुन्हा कधी मिळणार नव्हते. सांगण्यासारखं इतकं होतं की छाती दुखत होती. मांडवाच्या एका टोकाला, बायकांत, दुर्वा बसली होती. दुसऱ्या टोकाला, खांबाला टेकून, साई. दोघंही माझ्याकडे बघत होती आणि एकमेकांकडे चुकूनही नाही.

"मी काही केलं नाही," मी म्हणाले. "खरंच काही केलं नाही. मला नुसतं मळमळत होतं."

पुढच्या रांगेतली एक म्हातारी आधी हसली. मग मांडव हसला, आणि हसता हसता टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. दाजी उपरण्याने डोळे टिपत माझ्या डोक्यावरून विलासला म्हणाला, "बघलंस मा? शिकलेला माणूस असा असता. वायच सुदीक गर्व नाय." विलासने मान डोलावली. त्या दिवशी ते दोघं एकमेकांशी पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोलले.

तावडे सर माझ्या कानाशी वाकले. म्हणाले, बाई, लोकांना अजून ऐकायचंय, वेळ भरपूर आहे, पाणबुडीचं तरी सांगा.

आणि मी, घंटा झाल्यावरसुद्धा मुलांना सहसा न सोडणारी, खाली बसले.